जवळून लढणारे पात्र घडवताना या चुका टाळा

कोथरूडला एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी आमचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या, पात्रे रंगवण्याच्या खेळाचा डाव बसतो, आणि नव्याने येणारा खेळाडू बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी सांगतो की मला तलवारवाला द्या, ते मंत्रबिंत्र लक्षात ठेवणे जमायचे नाही. जवळून लढणारे म्हणजे ‘मेली’ पात्र सोपे, असा त्यामागचा समज असतो. मारणे सोपे आहे हे खरे. परंतु शत्रूपर्यंत पोहोचताच आले नाही, किंवा पोहोचल्यावर हात उचलता आला नाही, तर या पात्राजवळ करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, पारखताना एका फटक्यात किती नुकसान होते याच्याआधी, किती फेऱ्या नुसते बसून काढाव्या लागतील हे पाहावे. पुढचे सर्व आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे आहेत. २०२४ च्या नव्या पुस्तकात त्यांतील काही गोष्टी बदलल्या आहेत.

सर्वांत महाग पडणारी चूक विज्डमच्या, म्हणजे शहाणपणाच्या, रकान्यात होते. गुणवाटपासाठी २७ गुण मिळतात, ताकद आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) दोन्ही १५ वर नेण्यात त्यांतले १८ संपतात, आणि मग ‘फायटरला शहाणपण कशाला’ असे म्हणून विज्डम ८ वरच सोडले जाते. आमच्याकडे पाचव्या लेव्हलच्या एका फायटरने नेमके हेच केले होते. पडक्या देवळातल्या लढाईत पहिल्याच फेरीत शत्रूच्या पुजाऱ्याने त्याच्यावर ‘होल्ड पर्सन’ हा जागीच जखडणारा मंत्र टाकला. सेव्हसाठी, म्हणजे मंत्रातून सुटण्याच्या फाशासाठी, १३ हवे होते आणि विज्डम ८ असल्याने त्याच्या फाशातून १ वजा होत होता, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा अधिक पडणे आवश्यक, ज्याची शक्यता अवघी ३५ टक्के. त्याला पडले ६, मग ११, मग ९. जखडलेल्या पात्रावर पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार ‘क्रिटिकल’, म्हणजे नुकसानाचे फासे दुप्पट करणारा, धरला जातो, त्यामुळे दोन सांगाड्यांनी त्याला आरामात सोलून काढले. प्रत्यक्षात हे सगळे पाऊण तास चालले. त्याच्या चहावर साय धरली आणि तो मोबाइल चाळत बसला. आठाचे बारा करायला केवळ ४ गुण लागले असते आणि हीच शक्यता ४५ टक्के झाली असती. ज्यांचा खेळ आधीच सुरू आहे त्यांना ‘रेझिलियंट’ हे फीट (पात्राला मिळणारे खास कौशल्य) घेता येते: विज्डम ११ असेल तर ते १२ होते, सेव्हमध्ये प्रावीण्यही मिळते, आणि पाचव्या लेव्हलला त्याच मंत्राविरुद्ध ६० टक्के संधी हाती येते. गटात सहाव्या लेव्हलचा पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा) असेल तर त्याच्यापासून दहा फुटांच्या आत राहावे, कारण तो शुद्धीवर असेपर्यंत त्याच्या ‘करिश्मा’ या गुणाचा बोनस आपल्याही सेव्हला मिळतो. हा लाभ फुकट असूनही आमचे लोक पहिल्या फेरीतच उधळल्यासारखे त्याच्या कक्षेबाहेर पळतात.

दुसरी चूक हिशेबाची आहे. ‘ग्रेट वेपन मास्टर’ या फीटमुळे नेम ५ ने कमी करून नुकसान १० ने वाढवता येते, आणि बरेच जण ते घेतले की प्रत्येक वार तसाच करतात. पाचव्या लेव्हलला ताकद १८ असेल तर फाशावर पडलेल्या आकड्यात ७ मिळवले जातात. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ असेल, तर मोठ्या तलवारीचा साधा वार ६५ टक्के वेळा लागून सरासरी ७.१५ नुकसान करतो आणि जोखमीचा वार ४० टक्के वेळाच लागूनही ८.४ करतो, येथे जोखीम परवडते. तोच आर्मर क्लास १८ झाला की साधा वार ५.५ वर येतो आणि जोखमीचा ५.२५ वर, म्हणजे वर घेतलेली जोखीम तोट्यात जाते. (क्रिटिकल मी सोपेपणासाठी सोडले आहेत.) चिलखती शत्रूसमोर साधा वार करावा, किंवा ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळेपर्यंत थांबावे.

चिलखताच्या बाबतीत मात्र नाकापेक्षा मोती जड होतो. पूर्ण प्लेट चिलखताला ताकद १५ लागते, नाहीतर चाल १० फुटांनी घटते. बार्बेरियनने तर जड चिलखत घालूच नये, कारण ते अंगावर असताना ‘रेज’चे, म्हणजे त्याच्या लढाऊ संतापाचे, फायदे मिळत नाहीत, आणि रेज गेला तर बार्बेरियन घेण्याचे कारणच उरत नाही. दोन वर्ग (फायटर, बार्बेरियन असे पात्रांचे प्रकार) एकत्र करण्याच्या मोहाचेही तसेच. फायटरच्या ३ आणि बार्बेरियनच्या २ लेव्हल घेतलेला पाचव्या लेव्हलला एकच वार करत राहतो, तेव्हा शेजारचा सरळमार्गी फायटर दोन वार करत असतो आणि मंत्र टाकणाऱ्या विझार्डच्या हाती फायरबॉल हा जबर मंत्र आलेला असतो. पुढे दोन्ही वर्ग पाचवर नेले तरी ‘एक्स्ट्रा अटॅक’ची, म्हणजे जादा वाराची, बेरीज होत नाही.

‘मी पुढे उभा आहे, तरी शत्रू मागच्या विझार्डपर्यंत कसे पोहोचतात?’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण असे की निसटणाऱ्या शत्रूवर वार करायला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) लागते आणि ती फेरीत एकदाच मिळते; चार जण धावले तर तीन जण सहज निघून जातात. ‘सेंटिनल’ फीटने ज्याच्यावर असा वार बसतो त्याची चाल शून्य होते, पण तीही त्या एकाचीच. उपाय नकाशावर आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची दिंडी आठवावी. अजस्र दार बंद असताना तेवढ्या फटीतून एका वेळी एकच माणूस वाकून आत येतो. अशी जागा शोधून तेथे उभे राहिले की एक रिॲक्शनही पुरते. उघड्या मैदानात एकट्याने भिंत होण्याचा प्रयत्न फुकट जातो.

उडणाऱ्या शत्रूसाठी चार-पाच भाले, म्हणजे जॅव्हलिन, यादीत आधीच लिहून ठेवावेत. ते ताकदीवर फेकले जातात आणि ३० फुटांपर्यंत नीट जातात. मात्र पाळीगणिक एकच शस्त्र फुकट उपसता येते, त्यामुळे दोन वार असले तरी सहसा पहिलाच भाला सुटतो.

शेवटची चूक बिल्डमध्ये दिसत नाही, टेबलावर दिसते. शत्रूला ढकलून आडवे पाडणारे पात्र जवळून लढणाऱ्यांना ॲडव्हान्टेज देते, परंतु त्याच आडव्या शत्रूवर दुरून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणे) बसतो. गटात दोन तिरंदाज असतील तर असे बिल्ड त्यांच्याच मुळावर येते. आमच्या तिरंदाज रेंजरने तीन रविवार हे सोसले आणि चौथ्या रविवारी ती बार्बेरियनला म्हणाली, “दादा, माझ्याआधी शत्रूची पाळी येणार असेल तेव्हाच पाड.” तेव्हापासून बार्बेरियन पाळ्यांचा क्रम पाहून ढकलतो: शत्रूची पाळी रेंजरच्या आधी येणार असेल तर तो उठून उभा राहतोच, मग पाडायला हरकत नाही; रेंजर आधी असेल तर नुसती कुऱ्हाड चालवतो.