जुन्या सेडानमध्ये नवं इंजिन, आणि वळणावर बंद पडणारी गाडी

वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली सेडान, मूळ इंजिन पार संपलेलं, म्हणून त्यात नवं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवलं. माउंट, वायरिंग सगळं झालं, गाडी चालूही झाली पण टाकी अर्ध्याखाली गेली की वळणावर झटका देऊन बंद पडायची. आठ दिवस मी नुसते सेन्सरच तपासत होतो. शेवटी फ्युएल रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, प्रेशर गेज जोडून तो काचेच्या बाहेरून टेपने चिकटवला, तर सरळ रस्त्यावर काटा ३ बारवर स्थिर आणि वळण आलं की धाडकन खाली!

जुन्या टाकीत आत पेट्रोलचे हेलकावे अडवणारे पडदे नव्हते, पेट्रोल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढायचा. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं म्हणून त्याचं भागतं, इंजेक्शनचं नाही भागत. मग मध्ये १ लिटरचा सर्ज टँक, म्हणजे कायम भरलेली राहणारी छोटी टाकी, टाकला, लो प्रेशर पंप तो सतत भरत राहतो, हाय प्रेशर पंप त्यातूनच ओढतो, रेलमधून उरलेलं पेट्रोल परत आणणारी रिटर्न लाइन पण त्यातच आणि ओव्हरफ्लो मूळ टाकीत. पाइप मात्र इंजेक्शनचं प्रेशर झेलणारेच घ्या, साधा रबरी पाइप फुटला तर थेट आग. आता रिझर्व्हवरही वळणात काटा हलत नाही, वडील स्वतः चालवून आले.