बाईक रेसिंगचा गेम खऱ्यासारखा कसा खेळावा

मोटारींच्या गेमची सवय असलेला खेळाडू मोटोजीपी किंवा राइड या मालिकांतील एखादा गेम सुरू करतो, पहिल्याच वळणावर पडतो आणि गेममध्ये काहीतरी चुकले आहे असे ठरवून टाकतो. वास्तविक त्या पडण्यातच गेमचा खरेपणा असतो. टायरची पकड मर्यादित असते. बाईक जितकी झुकलेली असेल तितकी ती पकड वळण्यात खर्च होते आणि ब्रेकसाठी वा थ्रॉटलसाठी, म्हणजे वेग वाढवण्यासाठी, तेवढीच कमी उरते. मिलानच्या माइलस्टोन कंपनीच्या या दोन्ही मालिका हा हिशेब बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडतात, मात्र तो अनुभवायचा असेल तर सेटिंग्जमधील साहाय्ये विचारपूर्वक बंद करावी लागतात.

मोटोजीपी २५ मध्ये सोपा आर्केड आणि खऱ्याच्या जवळ जाणारा प्रो असे दोन पर्याय आहेत. त्यांपैकी प्रो निवडावा. सर्वांत आधी पुढचा व मागचा ब्रेक एकत्र लावणारी सोय बंद करून दोन्ही ब्रेक स्वतंत्र बटणांवर घ्यावेत. त्यानंतर आपोआप ब्रेक लावणारे साहाय्य काढावे, आणि ते अंगवळणी पडल्यावर सरळ रस्त्यावर चालकाला टाकीवर आपोआप वाकवणारी सोयही काढावी. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे थ्रॉटल देताना मागचे चाक घसरण्यापासून आवरणारी सोय, मात्र शून्यावर नेण्याची घाई करू नये. मोटोजीपी या खऱ्या जागतिक स्पर्धेतील बाईकवरही ते असते, आणि २०१६ पासून तर सर्व संघ एकाच प्रकारचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वापरतात. त्यामुळे ते पूर्ण बंद केल्याने गेम अवघड होतो, पण अधिक खरा होत नाही.

सरावासाठी इटलीतील ५.२४५ किलोमीटरचे मुजेल्लो हे एकच सर्किट धरावे. तेथील मुख्य सरळ रस्ता १ किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि त्याच्या शेवटी वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. सान दोनातो या उजव्या वळणापूर्वी तो शंभरच्या आसपास आणावा लागतो, आणि बाईकच्या गेममधले सारे मर्म त्या काही सेकंदांत अनुभवाला येते. बाईक पूर्ण सरळ असताना चालकाला उठून बसू द्यावे, म्हणजे हवेचा अडथळाही वेग कमी करण्यास हातभार लावतो. पुढच्या ब्रेकचा ट्रिगर (कंट्रोलरवरचा खटका) एकदम न खेचता आधी हलका दाबावा, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यावे आणि मगच जोर वाढवावा. मागचे चाक डगमगू लागले तर किंचित सैल करावे. वळणात शिरताना बाईक जसजशी झुकेल तसतसा ट्रिगर सोडत जावे. झुकलेल्या बाईकवर ब्रेक तसाच दाबून धरला, तर पुढचे चाक निसटते आणि ते सावरणे जवळजवळ अशक्य असते. बाहेर पडताना हाच क्रम उलटा असतो: बाईक जेवढी उभी होईल, तेवढेच थ्रॉटल द्यावे.

खऱ्या चालकाला हे सारे शरीराने कळते, खेळाडूला मात्र कान आणि बोटांवर विसंबावे लागते. म्हणून पार्श्वसंगीत बंद करून इंजिनाचा आवाज वाढवावा, कारण वेग न वाढता आवाज चढला, तर मागचे चाक घसरते आहे हे लगेच ओळखता येते. कंट्रोलरचे कंपन चालू ठेवावे. हेल्मेटमधून दिसणारे दृश्य सर्वांत परिणामकारक असते, पण क्षितिज कलल्याने अनेकांना गरगरते. तेव्हा सर्किट पाठ होईपर्यंत बाईकच्या मागचाच कॅमेरा बरा.

एक उणीव मात्र राहतेच. वेगात असलेल्या खऱ्या बाईकला उजवीकडे झुकवण्यासाठी उजवे हँडल पुढे ढकलावे लागते, तर गेममध्ये कंट्रोलरची काठी उजवीकडे नेली की चालक आणि बाईक दोन्ही झुकतात. ज्यांना ही तफावत खटकते त्यांनी पिबोसो या निर्मात्याचा जीपी बाइक्स हा संगणकावरचा गेम पाहावा. त्यात चालकाचे शरीर स्वतंत्रपणे हलवता येते. शिकणे मात्र फार चिकाटीचे आहे, आणि माझ्या मते मुजेल्लोची एक फेरी न पडता पूर्ण करता येऊ लागल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.