जीवाश्मांवरून गाळाच्या थरांचे वय कसे ठरवावे

ठाणे-नवी मुंबई परिसरातील येऊरच्या किंवा पारसिकच्या डोंगरात जीवाश्म शोधायला निघणाऱ्यांची बहुधा निराशाच होते, कारण तेथील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दोन लाव्हांच्या मधल्या गाळात मात्र जीवाश्म सापडतात. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले. पद्धत नीट शिकायची असेल, तर समुद्री गाळाचे जाड थर उघडे पडलेला कच्छ ही अभ्यासाला सोयीची जागा आहे.

आधी थरांचा क्रम लावावा. थर उलटलेले नसतील तर खालचा जुना आणि वरचा नवा, हा नियम डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने १६६९ मध्ये मांडला. कच्छमधील झुरासारख्या घुमटाकार डोंगरात मात्र सर्वांत जुने थर मध्यभागी उघडे पडतात, म्हणून थरांचा कल मोजल्याखेरीज क्रम ठरवू नये.

त्यानंतर तळापासून वर जात प्रत्येक थराची जाडी मोजावी, त्याला क्रमांक द्यावा आणि त्यातील जीवाश्मावर तोच क्रमांक लगेच लिहावा. या कामात मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण थराची नोंद नसलेला सुंदर अमोनाईट (नामशेष समुद्री जीवाचा वळसेदार शंख) शोभेला ठेवता येतो, पण कालगणनेत त्याची साक्ष धरता येत नाही. पायथ्याशी घरंगळलेले नमुने वेगळ्या पिशवीत ठेवावेत, आणि परवानगीविना काहीही उचलू नये.

आता निर्देशक, म्हणजे थराचा काळ सुचवणारे, जीवाश्म निवडावेत. जो जीव थोडाच काळ जगला, पण दूरवर पसरला, विपुल सापडतो आणि चटकन ओळखू येतो, तो उपयोगी. अमोनाईट याच कारणाने ज्युरासिक, म्हणजे सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, थरांसाठी मोलाचे ठरतात. जिथे कूपनलिकेतून मूठभरच खडक हाती येतो, तिथे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांचे सूक्ष्म कवच कामी येते.

मग तक्ता करावा. समजा, दहा थरांपैकी 'अ' जाती थर २ ते ५ मध्ये आणि 'ब' जाती ४ ते ८ मध्ये मिळाली. तर दोन्ही एकत्र असलेले थर ४ आणि ५ हा एक विभाग झाला. दुसऱ्या डोंगरात 'अ' व 'ब' एकाच थरात दिसल्या, तर तो खडक चुनखडीचा असो वा शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेला), त्याचा काळ याच विभागाशी जुळतो. तिथे केवळ 'ब' मिळाली, तर मात्र तो थर ६ ते ८ च्या काळातला असे लगेच म्हणू नये. 'अ' कदाचित शोधात निसटली असेल, किंवा तिथले पाणी तिला मानवले नसेल.

आणखी एक धोका नवी मुंबईकरांना सहज समजेल. खाडीचा गाळ उपसून भरावात टाकला, की जुने शिंपले नव्या शिंपल्यांच्या वर येतात. निसर्गातही जुन्या खडकातून सुटलेले जीवाश्म नव्या गाळात जाऊन बसतात, त्यामुळे झिजलेल्या, कडा गोल झालेल्या एकट्या नमुन्यावर विसंबू नये. सोबतचा संपूर्ण समूह पाहावा.

इथवर मिळते ते केवळ आधी-नंतरचे नाते. वर्षांचा आकडा ज्वालामुखीच्या राखेतील झिरकॉनसारख्या खनिजांच्या किरणोत्सारी मापनातून येतो. विभागाच्या खाली आणि वर अशी राख असेल, तर त्या दोन वयांच्या मधला काळ त्या विभागाचा धरावा.