जर्सीसाठी खोल फ्रेम हवीये? दोन पट्ट्या एकामागे एक जोडा

फोटोच्या साध्या फ्रेममध्ये जर्सी लावायला गेलं की गाडी अडते ती खोलीवर. पट्टीला आतून जी खाच असते ना, काच आणि मागचा बोर्ड बसतो ती, ती बहुतेक वेळा १० मिमीच्या आसपासच खोल असते, आणि बाह्या मागे दुमडून आत पॅडिंग घातलेल्या जर्सीलाच १२-१५ मिमी लागतात, वर काचेपासून मोकळी जागा ठेवायची ती वेगळीच. दाबून बसवली तर कापड काचेला चिकटतं, दमट हवेत तिथे बुरशी येऊ शकते, आणि सही केलेली जर्सी असेल तर सहीची शाई काचेला लागायची भीती. खोल फ्रेमची तयार पट्टी मिळते पण त्यात डिझाईनचा चॉईस कमी. म्हणून सोपा मार्ग म्हणजे पुढे आपल्या आवडीची पट्टी, तिच्या मागे एक साधी उंच पट्टी, आणि दोन्ही मिळून एक खोल डबा.

आता दोन्ही पट्ट्या आधी लांबीत चिकटवून मग एकदम ४५ अंशात कापायच्या, असंही काही जण करतात. कोपरे छान जुळतात खरं, पण एवढी जाड जोडपट्टी कापायला तसं मोठं मशीन लागतं आणि एखादी पट्टी जराशी वाकडी निघाली की सगळंच वाकडं. त्यापेक्षा दोन फ्रेम वेगवेगळ्या पूर्ण करा आणि नंतर मागून स्क्रूने जोडा, मध्ये ग्लू अजिबात नको. उद्या आत धूळ दिसली किंवा काचेऐवजी लावलेल्या ॲक्रेलिकला चरा पडला तर उघडता आलं पाहिजे ना.

पट्टी निवडताना

पुढची पट्टी मागून सपाट पाहिजे. पाठीला पोकळ किंवा गोलाई असेल तर मागची फ्रेम तिच्यावर नीट टेकत नाही, मग स्क्रू आवळला की कोपरे उघडतात. मागची पट्टी पुढचीपेक्षा थोडी अरुंद घ्या म्हणजे समोरून दिसणार नाही, आणि बाजूने दिसतेच म्हणून रंग आधीच मॅचिंग करून घ्या. दोन्ही लाकडाच्या असतील तर उत्तम. आजकाल बऱ्याच पट्ट्या पॉलिस्टायरीनच्या असतात, दिसतात लाकडासारख्या पण पांढरा वुड ग्लू त्यांना धरत नाही, त्यांच्या कोपऱ्यांना सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला इन्स्टंट ग्लू, लागतो.

मापं (इथे घाई नको)

आधी जर्सी हवी तशी दुमडून टेबलावर ठेवा, चारी बाजूंनी ४-५ सेमी मोकळं सोडा आणि माप घ्या. समजा आतलं माप (खाचेपासून खाचेपर्यंत) ६० × ८० सेमी आलं. पुढची पट्टी ४० मिमी रुंद आणि खाच ६ मिमी रुंद असेल, तर प्रत्येक बाजूला ३४ मिमी बाहेर जाणार, म्हणजे फ्रेमचं बाहेरचं माप ६६.८ × ८६.८ सेमी. मागची फ्रेम प्रत्येक बाजूने २ मिमी आत ठेवायची, म्हणून तिचं बाहेरचं माप ६६.४ × ८६.४. ही पट्टी ३५ मिमी रुंद घेतली तर आतली मोकळी जागा ५९.४ × ७९.४ येते, म्हणजे ॲक्रेलिक मागून सुटत नाही आणि समोरून मागच्या पट्टीची कडही दिसत नाही. तुमच्या पट्ट्यांची मापं वेगळी असतील, पण हिशोब याच क्रमाने करा, पुढच्या फ्रेमच्या बाहेरच्या मापावरून मागची ठरवायची.

पट्टी किती आणायची? आतल्या मापाची परिमिती अधिक पट्टीच्या रुंदीच्या आठपट. वरच्या पुढच्या फ्रेमला २८० + ३२ म्हणजे ३१२ सेमी, आणि कापण्यात जातं म्हणून थोडं जास्तच घ्या.

कापणं आणि कोपरे

समोरासमोरच्या दोन बाजू अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत, अर्धा मिमी फरक पडला तरी चौथा कोपरा उघडा राहतो. कापलेल्या तुकड्यांच्या जोड्या पाठीला पाठ लावून तपासा. कोपऱ्यांना ग्लू लावा, फ्रेमभोवती गुंडाळायचा पट्ट्याचा क्लॅम्प आवळा आणि लगेच दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले म्हणजे फ्रेम काटकोनात आहे, नसतील तर ग्लू ओला आहे तोवर लांब कर्णाच्या बाजूने हलकं दाबून सारखे करा. रात्रभर सुकू द्या. मागच्या फ्रेमला बाजूने बारीक खिळे मारले तरी चालतं, पुढचीला व्ही आकाराच्या पिना मागून मारल्या तर समोर काहीच दिसत नाही.

दोन्ही फ्रेम जोडायच्या

पुढची फ्रेम मऊ कापडावर पालथी ठेवा. खाचेत २ मिमीचं ॲक्रेलिक ठेवा, ते लांबी आणि रुंदी दोन्हींत एकूण ३-३ मिमी लहान कापलेलं हवं कारण उष्णतेने ते फुगतं. त्याच्यावर चारी बाजूंनी ५ मिमी रुंद, ८ मिमी उंच स्पेसरच्या, म्हणजे अंतर ठेवायच्या, पट्ट्या. काच नको का? या मापाची २ मिमी काच साधारण २.४ किलो भरते, ॲक्रेलिक १.१ किलोच्या आसपास, शिवाय फुटायची भीती नाही. फक्त ॲक्रेलिक स्थिर विजेने कापडाचे तंतू ओढतं, म्हणून बंद करण्याआधी अँटी-स्टॅटिक क्लीनरने पुसून घ्या. अल्ट्राव्हायोलेट अडवणारं मिळालं तर अजून बरं.

आता मागची फ्रेम वर ठेवा, सगळीकडून २ मिमी सारखं सुटलंय का बघा आणि क्लॅम्प करा. मागची पट्टी ३० मिमी उंच असेल तर आधी स्क्रूचं डोकं आत जाईल एवढं रुंद भोक निम्म्यापर्यंत पाडायचं, मग त्यातूनच बारीक भोक पुढच्या पट्टीत, म्हणजे छोटा स्क्रूसुद्धा पुरतो. ड्रिल बिटवर टेप गुंडाळून खूण करा, नाहीतर स्क्रू समोरून डोकं काढेल आणि मग सगळ्या मेहनतीवर पाणी. पुढच्या पट्टीत १० मिमीच्या आसपास धरला की बास, आणि पट्टी जिथे जाड असते तिथेच, खाचेवर नाही. कोपऱ्यापासून ५ सेमी सोडून सुरुवात करा, मग दर १५ सेमीवर एक स्क्रू.

जर्सी

फोम बोर्डचा जर्सीच्या आकाराचा तुकडा कापून कडा गोल करा, त्यावर पॉलिस्टर वॅडिंगचा (कापसासारख्या भरणाचा) पातळ थर आणि तो जर्सीच्या आत घाला. मग जर्सी मागच्या बोर्डावर टाक्यांनी बसवा, टाके शिवणीतूनच घ्यायचे, खांदा, कॉलरच्या मागे, बगलेखाली, खालची कड. ग्लू, डबल टेप, स्टेपल यातलं काहीही नको, वर्षा-दोन वर्षांत डाग दिसायला लागतात. सही असलेली जर्सी धुवू नका, इस्त्रीही नको. लाकडातून आम्ल सुटून कापड पिवळं पडू शकतं म्हणून आतल्या कडांना आम्लमुक्त माउंट बोर्डच्या पट्ट्या लावून घ्या.

मागच्या पट्टीच्या खाचेत आधी ५ मिमीचा जर्सीवाला बोर्ड, त्यावर ३ मिमी एमडीएफ, आणि वाकवता येणाऱ्या पिना. आतमध्ये बोर्ड ते ॲक्रेलिक साधारण ३० मिमी मिळतात, जर्सीला भरपूर. दोन फ्रेमच्या मधल्या फटीवर आतून पातळ कागदी टेप लावली असेल तर धूळ कमी जाते.

टांगायच्या डी-रिंग मागच्या फ्रेमच्या उभ्या बाजूंना, वरून एक तृतीयांशावर. म्हणजे पुढच्या फ्रेमचं सगळं वजन त्या स्क्रूंवर येतं, म्हणून भिंतीवर लावायच्या आधी पुढची फ्रेम दोन्ही हातांनी धरून जरा ओढून बघा. हलली तर मधे अजून दोन-चार स्क्रू टाका. आणि भिंतीत हुक एक नको, दोन मारा.