फ्यूचर क्रूचा डेमो उलगडून कसा पाहावा

मी ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ हा फ्यूचर क्रू या ग्रुपचा १९९३ चा डेमो पहिल्यांदा पाहिला तो मुका. १९९६ साल, कोल्हापुरातला एक कॉम्प्युटर क्लास, ४८६ मशीन आणि साउंड कार्डाचा पत्ता नाही. मित्राने दोन फ्लॉप्यांवरून आणलेला तो डेमो सुरू झाला तसा सरांना वाटलं व्हायरस शिरला. त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. आवाजासकट पाहायला मला आणखी चार वर्षं लागली. तेव्हा कळलं, अर्धा ग्रुप तोवर मला भेटलाच नव्हता.

म्हणून पहिली सूचना: यूट्यूबवर पाहू नका. डेमो म्हणजे फिल्म नव्हे, चित्र-संगीताची करामत दाखवायला लिहिलेला, चालणारा प्रोग्रॅम. पडद्यावरचं बहुतेक सगळं मशीन त्या क्षणी गणित करून काढत असतं. ते तुमच्या मशीनवर चाललं पाहिजे.

डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) घ्या, डेमोचं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा आणि ‘सेकंड’ ही फाइल चालवा. साउंड कार्ड म्हणून साउंड ब्लास्टर निवडलात तर पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १; डॉसबॉक्सचे मूळ आकडे हेच असतात. चित्र अडखळत असेल तर कंट्रोल आणि एफ१२ दाबून सायकल्स, म्हणजे नकली मशीनचा वेग, वाढवा. सुरुवातीचे ३००० अगदीच तुटपुंजे पडतात, मी २५००० च्या आसपास ठेवतो. फार वाढवलंत तर आवाज फाटतो. मग कंट्रोल-एफ११ ने हळूहळू खाली या.

आता पहिल्या खेपेला डोळे मिटून ऐका. हेडफोन हवाच. सुरुवातीचं संगीत स्कॅव्हनचं, म्हणजे पेटर हायबाचं; ग्रुपमध्ये सगळे टोपणनावांनीच चालत. पुढे जे धडधडत सुटतं ते पर्पल मोशनचं, योन्ने वाल्तोनेनचं. दोघांची चाल वेगळी आहे, दोन-तीनदा ऐकलं की कान आपोआप ओळखतो. आणि हे संगीत ज्यात रचलं तो स्क्रीम ट्रॅकर हा प्रोग्रॅम ग्रुपच्याच पीएसआयने, सामी टॅमिलेहतोने लिहिलेला. घरचंच पीठ, घरचीच चक्की.

दुसऱ्या खेपेला आवाज बंद करा, फक्त बघा. चित्रं मार्व्हल आणि पिक्सेल यांची. कोड पीएसआय, वाइल्डफायर आणि ट्रग यांचा. कुठे चित्रकाराचा हात संपतो आणि कुठे गणित सुरू होतं ते शोधा. चित्रावरून उड्या मारत जाणारं भिंग बघा: खालचं चित्र हाताने रंगवलेलं, भिंगातली त्याची वाकलेली प्रतिमा मात्र कोडची. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. शेवटचं त्रिमितीय शहर लोकांना जास्त भावतं, भावू दे.

तिसऱ्या खेपेला दोन्ही एकत्र. ठोका पडला की दृश्य बदलतं, हा योगायोग नाही. २०१३ मध्ये, विसाव्या वर्षानिमित्त, मूळ सोर्स कोड गिटहब या संकेतस्थळावर खुला झाला आहे, त्यात बघा. प्रत्येक भाग जवळजवळ स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, आणि त्यांना बांधून ठेवायला मधे एक छोटा सर्व्हर, म्हणजे मागे चालू राहणारा प्रोग्रॅम. संगीत कुठवर आलं हे भाग त्यालाच विचारतात. त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या घरी बसून आपला तुकडा लिहिता आला.

मंडळी फिनलंडची. सुरुवात १९८० च्या दशकात कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर झाली, मग पीसीवर आले. त्या काळी डेमोवाले पीसीला हिशेबनिसाचं मशीन समजत, कारण चित्र-आवाजासाठी खास चिपा होत्या अमिगा या कॉम्प्युटरमध्ये. १९९२ च्या पहिल्या असेंब्ली या डेमोवाल्यांच्या मेळाव्यात यांच्या ‘अनरिअल’ने पीसी डेमोची स्पर्धा जिंकली, पुढल्या वर्षी ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ने. मेळाव्याच्या आयोजकांतही हेच होते, हे ऐकून कपाळाला आठी पडेल. पडू द्या, आणि त्याच वर्षीचे बाकीचे डेमो लावून स्वतःच ठरवा.

जाता जाता गोर, म्हणजे सामुली सिवॅहुओको. पडद्यावर त्याचं काम शोधू नका, तो जमवाजमव करणारा. १९९५ मध्ये रेमेडी ही गेम कंपनी काढणाऱ्यांत तो होता. तिचा पहिला गेम ‘डेथ रॅली’ मिळाला तर लावून बघा. संगीत वाल्तोनेनचंच आहे, पहिल्या खेपेला कान तयार केला असेल तर लगेच ओळखाल.

हे सगळं झाल्यावर मगच १९९७ ची कमोडोर ६४ आवृत्ती लावा. ती स्मॅश डिझाइन्स या दुसऱ्याच ग्रुपची. ६४ केबी मेमरी, एक मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर, आणि तरी तोच डेमो. व्हाइस नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि भिंगाचा भाग येईपर्यंत चहा निवू द्या.