वाकळ शिवायला घेताय? मग निदान या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, निम्म्या शिक्षिकांना हाताने काहीतरी करायची हुक्की येते. पूर्वी लोकरीची तोरणं होती, मग कागदी फुलं आली, आता तीन-चार वर्षांपासून वाकळ, म्हणजे जुन्या कापडाची गोधडी. आजीची लुगडी पेटीत पडलेली असतात, मोबाइलवर कुणीतरी दहा मिनिटांत गोधडी शिवून दाखवतं, की झालं. सुट्टी मोजून दोन आठवड्यांची. त्यात फराळ, माहेर, भाऊबीज, शेतात कापूस वेचणीला आलेल्या बायांचा चहा, आणि उरलेल्या वेळात म्हणे वाकळ. शाळा उघडली की ती अर्धवट वाकळ पिशवीत कोंबून माझ्याकडे येते. "ताई, पाहा न, हे असं काहून झालं?"

काहून झालं ते एकदाचं लिहूनच टाकते.

मी काही शिवणाचे वर्ग घेत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते, रोज सतरा किलोमीटर स्कूटीने जाते-येते. दिवसभर परिपाठ, पोषण आहाराची नोंद आणि "आजच्या आज भरा" म्हणून आलेली ऑनलाइन माहिती यातून जीव वाचला तर रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर टाके घालते. एका हिवाळ्यात एक वाकळ. याहून जास्त वेगाने मला येत नाही आणि ज्यांना येते त्यांची वाकळ मी उलटी करून बघते.

कापडाची चूक

वाकळीला जुनेर लागतं, सुती लागतं. चकचकीत साड्या दिसायला छान, पण त्या सुईखाली सापासारख्या सरकतात आणि थंडीत अंगाला गार लागतात. सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चुलीपाशी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी तयार होतो. मणी दिसला की ती साडी पडद्याला ठेवा.

एका नऊवारीत साधारण सव्वाआठ मीटर कापड असतं. साडेसहा फुटांचे चार तुकडे पडतात आणि वीतभर उरतं. एकट्याच्या वाकळीचे चार थर तेवढ्यात भागतात. मात्र कापायच्या आधी लुगडं उजेडात धरा. बसून बसून विरलेली जागा लगेच दिसते, तिथे आधीच ठिगळ लावून घ्या. खालच्या बाजूला नवीन मांजरपाट घालणार असाल तर तो गरम पाण्यातून काढून, वाळवून मगच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो, जुनं कापड आटत नाही, आणि वाकळीला म्हाताऱ्या माणसाच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात.

घरचा कापूस

विदर्भातली खास चूक. "घरी कापूस पडला आहे, मग भरायला रुई विकत काहून आणू?" माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने वेचून आणलेला कापूस बोटांनी सरकी, म्हणजे आतलं बी, काढत काढत भरला. दोन संध्याकाळी काढली, मग कंटाळून तसाच भरला. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सगळी सरकी. सरकीत तेल असतं, आणि हे उंदराला आपल्याआधी माहीत असतं. संक्रांतीपर्यंत दुलईला सात भोकं. रुई हवी तर जिनिंगमधली, म्हणजे यंत्रावर सरकी काढलेली, तीही पिंजून घेतलेली, नाहीतर धुतल्यावर गोळे होऊन एका कोपऱ्यात जमते. आणि मुळात वाकळीत कापूस नसतोच. ती नुसत्या कापडाच्या थरांची. कापूस घातला की ती दुलई, आणि दुलईचं काम वेगळं.

कच्चा टाका न घालता शिवायला बसणे

कच्चा टाका म्हणजे थर सरकू नयेत म्हणून आधी घातलेला तात्पुरता लांब टाका. हे मात्र सविस्तर सांगते, कारण पिशवीत कोंबून येणाऱ्या दहापैकी आठ वाकळींचं दुखणं हेच असतं.

माझी स्वतःची पहिली वाकळ २०१८ च्या हिवाळ्यातली. चार थर अंथरले, कडेने धावदोरा सुरू केला आणि चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे यायला लागले. सासूबाईंना तसंच शिवताना बघितलं होतं. पहिल्या आठ फेऱ्या इतक्या सरळ आल्या की मी नणंदेला फोटो पाठवले. दहाव्या फेरीला मधलं कापड जरा सैल वाटलं, तळहाताने सारखं करून पुढे गेले. पंधराव्या फेरीला मध्ये पोट दिसायला लागलं. मला वाटलं, पुढे जाईल तसं बसेल. बसलं नाही. शेवटी वाकळीच्या मधोमध परातीएवढा फुगा उभा राहिला. एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने वर येणारा.

सासूबाईंनी चष्मा लावून वाकळ दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाल्या, "शिवली त चांगली वं. आता हिच्या पोटात कोंबडी बसव अंड्यावर."

मग उसवणं. शिवायला पाच आठवडे लागले होते, उसवायला चार रात्री. तो नेमका डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमच्या गावात थर्मामीटर कुणाकडे नाही, पण सकाळी टाकीतल्या पाण्यात हात घातला की बोटं ठणकायची. घरात सगळे जुन्या सतरंज्या पांघरून बसलेले आणि मी मध्ये ब्लेड घेऊन नवीन वाकळ उसवतेय. नवरा काही बोलला नाही. त्या न बोलण्याचा मला जास्त राग आला.

होतं असं की सुई प्रत्येक ओळीला वरचा थर गव्हाच्या दाण्याएवढा पुढे ढकलते. एका ओळीत ते कळत नाही. कडेकडून आत आलात तर हे सगळं ढकललेलं कापड मध्ये जमतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सासूबाईंची का फुगत नाही? मी नंतर त्यांच्या शेजारी बसून नीट बघितलं. त्या कापडावरच मांडी घालून बसतात, आणि दर तीन-चार टाक्यांनी डावा तळहात कापडावरून मागे, कडेकडे फिरवतात. आपण हे करतो हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. तो चाळीस वर्षांचा हात आहे. तुमच्या-माझ्याकडे तो नाही, म्हणून आपल्याला कच्चा टाका.

माझी पद्धत अशी. जमीन झाडून पुसून खालचा थर अंथरायचा. चार कोपऱ्यांवर वजन: पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, आणि मतदार यादीच्या कामाची फाइल, ती चांगलीच जड असते. प्रत्येक थर मध्यापासून बाहेर हाताने निपटायचा. सगळे थर झाले की भडक रंगाच्या दोऱ्याने चार-चार बोटं लांब टाके: आधी मध्यातून चारी बाजूंना, मग चारी कोपऱ्यांना, मग वीत-वीत अंतरावर. पक्की शिलाईसुद्धा मध्यापासून सुरू करून बाहेर न्यायची. कच्चा दोरा सगळ्यात शेवटी ओढून काढायचा. दोन संध्याकाळी जातात. ज्यांना या दोन संध्याकाळी जड वाटतात त्यांनी सोलापुरी चादर विकत घ्यावी. चांगली असते, माझ्याकडेही दोन आहेत.

फुगा आलाच असेल तर? लिंबाएवढा असेल तर शेवटच्या चार-पाच फेऱ्या उसवा, मधे कच्चा टाका घाला आणि पुन्हा शिवा. त्याहून मोठा असेल तर सगळं उसवा. "आत एक चुणी घालून शिवून टाकू का?" हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. टाका बिनधास्त. रात्री पाठीखाली काडी टोचल्यासारखी वाटेल तेव्हा माझी आठवण काढा.

किरकोळ, पण रोजचं

दोरा हातभरच घ्या. खांद्यापासून बोटापर्यंत. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, आणि सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर कमी गुंततो. गाठ दोन थरांच्या आत लपवा.

बोटाला टोपण घाला. दुसऱ्या दिवशी खडू धरायचा आहे.

शिवणयंत्रावर केलेली चालते का? चालते. फक्त तिला हाताची म्हणू नका.

लाल कापड

हिवाळ्यात उरलेल्या किरकोळ रजा डिसेंबरमध्ये संपवायच्या असतात, म्हणून एके वर्षी आम्ही दोन दिवस चिखलदऱ्याला गेलो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरची जागा, पहाटे गवत दवाने निथळत असतं. नवी वाकळ मिरवायला मी सोबत घेतली होती, तिला मोठ्या हौसेने लावलेली लालभडक किनार. मुलगा सकाळी ती पांघरून लॉजच्या ओल्या पायरीवर जाऊन बसला. तासाभराने बघतो तर मानेवर, कानामागे गुलाबी चट्टे. नवऱ्याला वाटलं अंगावर पुरळ उठलं, लगेच परतवाड्याला डॉक्टरकडे निघायची तयारी. मीच मानेला थुंकी लावून बोट फिरवलं आणि बोट लाल झालं. दरी बघायची सोडून मी बादलीत बनियन धूत बसले.

तेव्हापासून लाल, निळं किंवा काळं नवीन कापड आलं की ओलं पांढरं फडकं त्यावर दहा वेळा घासते. फडक्याला रंग लागला तर कापड बाद. मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणतात. मी बुडवलं होतं. वर सांगितलं ते त्याच कापडाबद्दल.

शाळेत सुई मोजून न देणे

शनिवारी दप्तराविना शाळा असते, तेव्हा बरेच जण मुलांकडून छोटी वाकळ करून घेतात. कल्पना चांगली आहे, मीही घेते. पण सुया मोजल्याशिवाय वाटू नका. मी एकदा वाटल्या.

२० डिसेंबर जवळ आला होता. गाडगेबाबांची पुण्यतिथी म्हणून मी चौथीच्या मुलांना सांगत होते की हा माणूस आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलाच, शेंडगावचा, अंगावर चिंध्यांची गोधडी असायची म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे, १९५६ साली वलगावजवळ गेले. एक पोट्टा उठला. "म्याडम, त्याहिची वाकय कोनं शिवली होती?" मला उत्तर आलं नाही. म्हणून म्हटलं, चला, आपण एक शिवू, हातभर लांब. डबीतून सुया वाटल्या. पोरं रमली, वर्गात इतकी शांतता की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

सुटायच्या वेळी डबीत परत मोजल्या तर अकरा. वाटल्या किती? बारा असाव्यात. "असाव्यात" हा शब्द त्या संध्याकाळी मला फार महागात पडला. पहिली-दुसरीची लेकरं त्याच पट्टीवर मांडी घालून बसतात, त्यातली अर्धी अनवाणी. मुलांना ओट्यावर उभं केलं, सगळ्यांचे खिसे बघितले. मग विज्ञान पेटीतला पट्टीचुंबक दोऱ्याला बांधला आणि सर व मी वाकून वाकून आख्खा वर्ग झाडला. दोन टाचण्या निघाल्या, एक खिळा, पेनचं स्प्रिंग. सुई नाही. हिवाळ्यात पाचला उजेड उतरतो. दोन आया फाटकाशी येऊन उभ्या. शेवटी एका मुलीचा स्कार्फ सारखा करायला गेले तर सुई तिथे, टोकाला व्यवस्थित खोचलेली. ती म्हणाली, "हरवू नये म्हणून ठेवली न, बाई."

आता माझ्याकडे अंगाच्या साबणाची एक वडी आहे. बारा सुया तीत दोन ओळींत खोचलेल्या, प्रत्येकीत लाल दोरा. रिकामं भोक लांबून दिसतं, आणि साबण लागल्याने सुई कापडातून सरकतेही छान. वडी माझ्या टेबलावर, सुई घ्यायला एका वेळी एकच मूल. पहिली ते तिसरीला सुई नाहीच, त्यांना तुकडे जुळवायला द्या. आणि पालकांनी घरी शिवून पाठवलेली "मुलाची" वाकळ प्रदर्शनात मांडू नका. टाके बघून कुणालाही कळतं.

धुण्याबद्दल एवढंच: पहिल्यांदा साध्या पाण्यात, पिळायची नाही, दोघांनी धरून बाजेवर पसरायची. कडक उन्हात उलटी बाजू वर.

या हंगामातली पहिली पिशवी परवाच आली. मधोमध फुगा, कच्चा टाका एकही नाही, वर दोन चकचकीत साड्या. मी उसवायला घेतली आहे, चार फेऱ्या झाल्या. काल रात्री तिचा फोन आला, "ताई, हळदीकुंकवापर्यंत होईल न?"