रायग्रास-क्लोव्हरच्या कुरणात चिकोरी आणि प्लँटेन
आयर्लंड किंवा न्यूझीलंडमधील रायग्रास (चराऊ गवत) आणि क्लोव्हरच्या (शेंगवर्गीय चारा) कुरणात चिकोरी (कॉफीत मिसळतात तीच) आणि इसबगोलाच्या कुळातील प्लँटेन लावायचे असेल, तर रुंद पानांच्या तणांचा बंदोबस्त पेरणीपूर्वीच करावा, कारण नंतर फवारलेले तणनाशक या दोघांनाही तणच समजते. माती उबदार व ओलसर असताना बी जेमतेम १ सेंटिमीटर खोल पेरून वरून रूळ फिरवावा. पहिल्या चराईची घाई मात्र नडते: रोप हलकेच ओढून पाहावे, मुळासकट हातात आले तर थांबावे, आणि प्लँटेनला ६ व चिकोरीला ७ पाने फुटल्यावरच जनावरे सोडावीत. ओल्या हिवाळ्यात चिकोरीच्या मुळाचा माथा खुरांखाली चेचला जाऊन कुजतो, म्हणून तेव्हा त्या कुरणात जनावरे सोडू नयेत.